रोज चाळीस वनलायनर, आठव्या दिवशी पाटी कोरी

बाई, सादर नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून लिहितेय. मराठी घेऊन बी.ए. केलं. आमची पिठाची गिरणी आहे, संध्याकाळी चार ते नऊ मीच बसते. रेल्वेच्या ग्रुप डीचा फॉर्म भरलाय. गणित आणि बुद्धिमत्ता जमतं, चालू घडामोडी मोबाईलवर होतात. पण सामान्य विज्ञान म्हटलं की पोटात गोळा येतो. दहावीला विज्ञानात कशीबशी सुटले होते. आता दहा हजार प्रश्नांचं पुस्तक आणलंय. रोज चाळीस वनलायनर, म्हणजे एका ओळीचे प्रश्न-उत्तरं, पाठ करते आणि आठ दिवसांनी पहिले चाळीस पार गेलेले असतात. मैत्रीण म्हणते, विज्ञान सोडून दे, बाकीच्यावर जोर मार. सोडू का? आणि जाता जाता एक विचारते. आमचं पीठ फार गरम येतं म्हणून गिऱ्हाईक कुरकुर करतं. बाबा म्हणतात, दगडाचा गुण आहे. तुम्ही विज्ञानाच्या बाई, म्हणून विचारलं.
— गिरणीवाली

गिरणीवाली,

सोडू नकोस. मैत्रिणीचा हिशेब चुकलाय.

तुझा पेपर १०० प्रश्नांचा, वेळ ९० मिनिटं. बुद्धिमत्ता ३०, गणित २५, विज्ञान २५, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी २०. विज्ञान सोडलंस तर तू ७५ मार्कांचा पेपर देणार आणि शेजारच्या संगणकावरची मुलगी १०० चा. शिवाय विज्ञानाचा प्रश्न एक तर दहा सेकंदांत सुटतो, नाही तर सुटतच नाही. गणितासारखा तीन मिनिटं खात बसत नाही. इथे वाचलेली मिनिटं गणितालाच कामी येतात.

मैत्रिणीला भीती आहे ती निगेटिव्ह मार्किंगची. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश मार्क जातो, हे खरं. पण करून बघ. चार पर्यायांचे १२ प्रश्न डोळे मिटून ठोकलेस, तर सरासरीनं ३ बरोबर येतील आणि ९ चुकतील. ३ मिळाले, ३ गेले, हाती शून्य. आता त्याच १२ प्रश्नांत प्रत्येकी एक पर्याय तुला खात्रीनं खोडता आला, तर सरासरी ४ बरोबर आणि ८ चूक. हाती सव्वा मार्काहून थोडं जास्त उरतं. दोन खोडता आले तर ६ आणि ६, म्हणजे ४ मार्क. या परीक्षेत सगळं यावं लागत नाही. ‘हे तर होऊच शकत नाही’ असं म्हणून एक-दोन पर्याय हाकलता आले तरी पुष्कळ झालं. आणि पाठ केलेल्या वनलायनरला नेमकं हेच जमत नाही. उत्तर आठवलं तर आठवलं, नाही तर चारही पर्याय सारखेच ओळखीचे वाटतात.

एक नमुना बघ. तुझ्या पुस्तकात कुठेतरी असेल: शरीरातली सर्वांत मोठी ग्रंथी, यकृत. आणखी चाळीस पानांनी: सर्वांत मोठा अवयव, त्वचा. त्यापुढे: सर्वांत मोठी अंतःस्रावी ग्रंथी, अवटू म्हणजे थायरॉईड. तीन ओळी वेगवेगळ्या दिवशी पाठ केल्या की तिसऱ्या आठवड्यात ‘सर्वांत मोठी’ एवढंच उरतं आणि पुढे काय ते धुकं. पण अंतःस्रावी म्हणजे जिला नळी नसते, जी आपला रस थेट रक्तात सोडते, एवढं एकदा डोक्यात बसलं की यकृत आपोआप बाद होतं, कारण त्याचं पित्त नळीतून आतड्यात जातं. मग स्वादुपिंडाचा प्रश्नही सुटतो: ते दोन्ही प्रकारांत मोडतं. पाचक रस नळीतून जातो, इन्सुलिन थेट रक्तात. तू विसरतेस यात तुझ्या डोक्याचा दोष नाही. सुटे मणी ओंजळीत किती राहणार?

आता तुझ्या गिरणीत येऊ. ‘विज्ञान आपल्या अवतीभवती आहे’ हे वाक्य मी नोकरीभर फळ्यावर लिहिलं आणि त्याचा एकाही पोराला फायदा झालेला पाहिला नाही. मला त्याहून बारीक गोष्ट सांगायचीय. प्रश्न काढणारी माणसंही आपल्यासारखीच असतात. त्यांनाही फिरून फिरून त्याच दहा-वीस वस्तू आठवतात: कुकर, माठ, फ्यूज, आरसा, तराजू, मोटर, रेल्वेचा रूळ. त्यातल्या निम्म्या तुझ्या हाताखाली आहेत.

मोटरपासून सुरुवात कर. तिच्या पाटीवर १० एचपी लिहिलंय असं धरू. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. दहाचे ७४६० वॅट, म्हणजे साधारण साडेसात किलोवॅट. ती पूर्ण भारावर तासभर चालली तर निदान साडेसात युनिट जळतात, कारण एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. आता सांग, युनिट हे कशाचं माप? वर्गात विचारलं की पोरं ‘शक्ती’ म्हणतात, कारण त्यात ‘वॅट’ ऐकू येतं. पण वीजबिल शक्तीचं येत नाही, वापरलेल्या ऊर्जेचं येतं. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. हा प्रश्न वेश बदलून पुन्हा पुन्हा येतो.

मोटर विजेची ऊर्जा घेऊन यांत्रिक ऊर्जा देते, जनित्र त्याच्या उलट. मोटरला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम, जनित्राला उजव्या हाताचा. हा डावा-उजवा भल्याभल्यांना चकवतो. माझी युक्ती घे: आपल्याकडे मोटार रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालते. बस.

मोटरवरून पट्टा चक्कीकडे जातो. तो घसरायला लागला की बाबा राळ लावत असतील, आणि त्याच चक्कीच्या बेअरिंगला ग्रीस भरत असतील. एकाच यंत्रात एका जागी घर्षण वाढवायचं, दुसऱ्या जागी कमी करायचं. ‘घर्षण उपयुक्त की अपायकारक’ याचं उत्तर तू रोज हातांनी देतेस. बेअरिंगमध्ये छऱ्या कशाला असतात, तर घासणाऱ्या वस्तूपेक्षा गडगडणाऱ्या वस्तूला घर्षण कमी होतं म्हणून. हाही विचारलेला प्रश्न आहे.

मग काटा. तुमच्याकडे आता इलेक्ट्रॉनिक असेल. आजीच्या वेळचा दोन पारड्यांचा तराजू माळ्यावर असला तर खाली काढ. १२ किलो गहू घेऊन चंद्रावर गेलीस असं समज. तिथलं गुरुत्वाकर्षण आपल्या साधारण एक षष्ठांश. इलेक्ट्रॉनिक काटा २ किलो दाखवेल. आजीचा तराजू मात्र १२ च दाखवेल, कारण गहू जेवढा हलका झाला तेवढंच पलीकडच्या पारड्यातलं मापही हलकं झालं. तराजू वस्तुमान सांगतो आणि ते कुठंही बदलत नाही. काट्यावर पडतो तो वजनाचा दाब. भौतिकशास्त्रात वजन हे बल आहे, म्हणून त्याचं एकक न्यूटन. इथे १२ किलोचं वजन सुमारे ११८ न्यूटन. हे एवढं पटलं की ध्रुवावर वजन जास्त की विषुववृत्तावर, पृथ्वीच्या केंद्राशी किती, वजनाचं एकक कोणतं, कमानीचा काटा काय मोजतो, असे चार-पाच वनलायनर पुस्तकातून फाडून टाकलेस तरी चालतील. (ध्रुवावर जास्त, केंद्राशी शून्य. पृथ्वी ध्रुवांशी थोडी चपटी आहे, त्यामुळे तिथे आपण केंद्राच्या जवळ असतो. शिवाय तिथे तिच्या फिरण्यामुळे वजनात तूट येत नाही.)

चाळणीत उरलेला कोंडाही फेकू नकोस. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर आइकमान नावाचा डच डॉक्टर बेरीबेरीमागचं कारण शोधत होता. पॉलिश केलेल्या पांढऱ्या भातावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडायचे, कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या व्हायच्या. कोंड्यात होतं ते ब-१ जीवनसत्त्व, थायमिन. त्या कामाला १९२९ चं नोबेल मिळालं. जीवनसत्त्वांचा तक्ता पाठ करावाच लागतो, त्यातून सुटका नाही. पण ‘ब-१, बेरीबेरी’ ही ओळ आता तुला कोंबड्यांसकट आठवेल.

गंमत अशी की ग्रुप डीची शारीरिक चाचणी हासुद्धा एक प्रश्नच आहे. मुलींना २० किलो वजन घेऊन १०० मीटर अंतर दोन मिनिटांत पार करायचं असतं, मध्ये खाली न ठेवता. (आणि १००० मीटर धावायचं ५ मिनिटं ४० सेकंदांत. गव्हाचे डबे उचलणारीला वजनाचं काही वाटणार नाही, धावण्याची सवय मात्र आतापासून कर.) समजा, तू ते वजन जमिनीवरून दीड मीटर उंच उचलून खांद्यावर घेतलंस: २० गुणिले ९.८ गुणिले १.५, म्हणजे २९४ ज्यूल कार्य झालं. मग ते घेऊन सपाट मैदानावर १०० मीटर चाललीस. आता गुरुत्वाकर्षणाविरुद्ध किती कार्य केलंस? शून्य. घाम फुटेल, खांदा दुखेल, पण भौतिकशास्त्र एक ज्यूलही तुझ्या नावावर मांडणार नाही, कारण बल वरच्या दिशेनं आणि विस्थापन आडवं. परीक्षेत हाच प्रश्न डोक्यावर सामान घेऊन फलाटावरून चालणाऱ्या हमालाचा म्हणून येतो. उत्तर ऐकून हमाल काय म्हणेल, ते मी इथे लिहीत नाही.

ज्या नोकरीसाठी फॉर्म भरलास, तीही विज्ञानानंच भरलेली आहे. रुळाखाली स्लीपर का घालतात? गाडीचा भार जास्त क्षेत्रफळावर पसरतो आणि जमिनीवरचा दाब कमी होतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. सुईला टोक असतं आणि दप्तराचा पट्टा रुंद असतो, दोन्हीला कारण हेच. जुन्या रुळांच्या जोडात फट ठेवत, कारण उन्हात लोखंड प्रसरण पावतं. आता रूळ जागच्या जागी जोडून लांबच्या लांब करतात. त्यासाठी ॲल्युमिनिअमची पूड आणि लोखंडाचं ऑक्साइड एकत्र पेटवतात. ॲल्युमिनिअम जास्त अभिक्रियाशील, ते लोखंडाकडचा ऑक्सिजन हिसकावून घेतं आणि वितळलेलं लोखंड फटीत ओततात. ही थर्मिट अभिक्रिया दहावीच्या पुस्तकात आहे. भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत व्हीटी ते कुर्ला धावली, १५०० व्होल्ट एकदिश (डीसी) प्रवाहावर. आता डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती (एसी) असतात. प्रत्यावर्ती प्रवाहाची वारंवारता आपल्याकडे ५० हर्ट्झ. मग सेकंदात तो दिशा किती वेळा बदलतो? ५० वर टिक करणारे पुष्कळ. उत्तर १००, कारण एका आवर्तनात दिशा दोनदा बदलते.

रसायनशास्त्राला स्वयंपाकघर पुरतं. इथे माझीच एक फजिती सांगते. मी वर्षानुवर्षं ‘निळा लिटमस आम्लात लाल, लाल लिटमस आम्लारीत निळा’ असं पोरांकडून घोकून घेत असे. एकदा एका मुलानं विचारलं, बाई, लिटमस येतो कुठून? मला सांगता आलं नाही. घरी येऊन पुस्तक काढलं, तर लिटमस लायकेनपासून काढतात, आणि माझ्या मसाल्याच्या डब्यात बसलेलं दगडफूल हेही एक लायकेनच. तेव्हापासून घोकंपट्टी बंद केली आणि वर्गात हळद नेऊ लागले. पिवळ्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, कारण साबण आम्लारीधर्मी. हळदीला चुना लागला तरी तेच होतं, आणि हळदीपासून कुंकू करतात ते याच गुणावर. मग लिंबू पिळलं की लाली उतरते. हे एकदा हातानं कर. चिंचेत टार्टारिक, लिंबात सायट्रिक, दह्यात लॅक्टिक, मुंगीच्या दंशात फॉर्मिक, ही यादी मग त्या डागाच्या मागोमाग येईल.

कल्हईवाला तुमच्या गावात अजून येत असेल तर त्याच्याकडेही बघ. तो भांड्याला लावतो ते कथील, आणि आधी नवसागर मारतो तो अमोनिअम क्लोराइड. घरावरच्या पत्र्याला असतो तो जस्ताचा लेप. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील. ही जोडी उलटी करणारे दर परीक्षेला भेटतात.

सगळंच काही असं समजून घेण्यासारखं नसतं, हेही कबूल करते. एककं, जीवनसत्त्वांचा तक्ता, पहिली २० मूलद्रव्यं, रोजच्या वापरातल्या पदार्थांची रासायनिक नावं (खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, चुनखडी, जिप्सम), कोणत्या रोगाला जिवाणू आणि कोणत्याला विषाणू कारण, कोणत्या अंतःस्रावी ग्रंथीतून कोणतं संप्रेरक येतं: हे पाठच करायचं. चार-पाच पानांत मावतं. गिरणीच्या भिंतीवर पिठाचा थर नाही अशी जागा सापडली तर तिथे चिकटव.

पुस्तकाचं म्हणशील तर ते दहा हजारी तूर्त बाजूला ठेव. बालभारतीची नववी आणि दहावीची विज्ञान आणि तंत्रज्ञानाची पुस्तकं घे. दहावीचे दोन भाग आहेत. गावात कुणाकडे तरी जुनी पडलेली असतील, नाही तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ फुकट उतरवता येतात. पहिल्या पानापासून वाचू नकोस, कंटाळशील. दहावी भाग १ मधला ‘विद्युतधारेचे परिणाम’ आधी काढ, कारण मोटर तुझ्या समोर आहे. मग ‘उष्णता’, ‘गुरुत्वाकर्षण’, ‘धातुविज्ञान’, प्रकाश आणि भिंगांचे दोन धडे. नववीतून ‘गतीचे नियम’ आणि ‘कार्य आणि ऊर्जा’. जीवशास्त्रासाठी भाग २ मधला ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’. ‘आपत्ती व्यवस्थापन’ आणि ‘सामाजिक आरोग्य’ या परीक्षेपुरते सोडलेस तरी मी रागावणार नाही. एक धडा झाला की मगच ते दहा हजारी उघड आणि त्या धड्याचे प्रश्न शोधून सोडव. उत्तराशेजारी ‘का’ हे पाच शब्दांत लिहिता आलं नाही तर त्या प्रश्नाला फुली मार आणि धड्याकडे परत जा.

आता एक सावधगिरी, कारण ही ठेच मी खूप मुलांना लागलेली पाहिलीय. बाजारातली कितीतरी मराठी गाईडं हिंदीवरून उतरवलेली असतात आणि त्यात शब्द घसरतात. सगळ्यात वाईट शब्द ‘क्षार’. आपल्या शाळेत क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून होणारा पदार्थ, मिठासारखा. हिंदीत त्याला लवण म्हणतात, आणि तिथे क्षार म्हणजे आम्लारीच्या गटातला पदार्थ. एकच शब्द, अर्थ वेगळा. तसंच द्रव्यमान म्हणजे आपलं वस्तुमान, अग्न्याशय म्हणजे आपलं स्वादुपिंड. पेपर मराठीतून देता येतो, तो मराठीतूनच दे. पण अशा शे-सव्वाशे शब्दांची इंग्रजी नावंही ओळखीची करून ठेव: आम्लारी म्हणजे बेस, क्षार म्हणजे सॉल्ट, चाल म्हणजे स्पीड, वेग म्हणजे व्हेलॉसिटी. मराठी प्रश्न वाचून डोकं चक्रावलं तर इंग्रजी प्रश्नावर एक नजर टाकता आली पाहिजे.

आता तुझं गरम पीठ. बाबा अर्धे बरोबर आहेत. दोन दगडांच्या मध्ये दाणा भरडला जातो तेव्हा घर्षणातून उष्णता निघते, तेवढा दगडाचा गुण खराच. पण टाकीनं, म्हणजे छिन्नीनं, दगडावर पाडलेल्या खाचा बोथट झाल्या की तो दाणा कापत नाही, नुसता रगडतो. बारीक पीठ यावं म्हणून मग दगड आणखी आवळावे लागतात, घर्षण वाढतं, मोटर जास्त वीज ओढते आणि पीठ पोळतं. गिऱ्हाइकाला सांग की घरी गेल्यावर डब्याचं झाकण लगेच लावू नका, कागदावर पसरून गार होऊ द्या. नाही तर गरम पिठातली वाफ झाकणाला थंड होऊन पाणी होते, ते पिठात गळतं आणि गोळे होतात, बुरशी धरते. (संघनन. दहावी नाही, त्याच्याही आधीचा धडा.) आणि बाबांना एवढं विचार, दगडाला शेवटची टाकी कधी लावली होती?

— बाई